माकडताप : रोग जंगलाचा की कामाचा?



वैद्यक, शेती आणि निसर्ग या तीन क्षेत्रांत अलीकडे जे संशोधन झाले त्याची ओळख करून द्यावी, अशी या व्याख्यानमालेच्या चालकांची सूचना होती. विषय अफाट आहे. एका संध्याकाळी त्याची नुसती यादी वाचून दाखवली तरी वेळ पुरणार नाही, आणि यादी ऐकून कोणाचे भले झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. म्हणून मी एकच रोग निवडला आहे. त्याच्या सत्तर वर्षांच्या इतिहासात डॉक्टर, शेतकरी, गुरांचा वैद्य, वनरक्षक आणि पक्षिशास्त्रज्ञ असे सगळेच येतात. त्यात मजूरही येतो, पण तो नेहमी शेवटी येतो. तो शेवटी का येतो, हाच आजच्या व्याख्यानाचा खरा विषय आहे.

शास्त्रीय ग्रंथांत या रोगाला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणतात. आपल्या सिंधुदुर्गात त्याला माकडताप म्हणतात. पहिल्या नावात जंगलावर आळ आहे, दुसऱ्यात माकडावर. हे दोन्ही आळ कितपत खरे आहेत, ते आपण पुराव्यानिशी पाहू. मी कामगार संघटनेत काम करणारा माणूस आहे. वैद्यकाची पदवी माझ्यापाशी नाही. पण तज्ज्ञांनी लिहून ठेवलेले वाचण्यास पदवी लागत नाही, सवड आणि चिकाटी लागते.

१९५७ सालच्या प्रारंभी त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूर नावाच्या जंगलात वानरे आणि माकडे मरून पडू लागली. त्याच सुमारास आसपासच्या खेड्यांतील माणसे तापाने आजारी पडली. ताप एकाएकी चढे. डोके आणि अंग असे दुखे की माणूस अंथरुणातून उठू शकत नसे. डोळे लाल होत, काहींच्या नाकातून, हिरड्यांतून किंवा पोटातून रक्त जाई. काहींचा ताप उतरे, आठपंधरा दिवस बरे जात आणि पुन्हा ताप चढून मेंदूवर परिणाम झाल्याची लक्षणे दिसत. माणसे आणि माकडे एकाच वेळी मरत आहेत हे पाहून शास्त्रज्ञांच्या मनात पहिली शंका आली ती पीतज्वराची. दक्षिण अमेरिकेतील जंगलांत पीतज्वराने माकडे अशीच मरतात. हिंदुस्थानात पीतज्वर कधीच आलेला नव्हता, पण तो पसरवणारा डास येथे घरोघर होता. शंका खरी ठरती तर केवढा अनर्थ ओढवला असता, याची कल्पना आपण करू शकता.

सुदैवाने त्याच्या पाचच वर्षे आधी, १९५२ मध्ये, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात विषाणू संशोधन केंद्र काढले होते. आज आपण ज्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतो, ती हीच संस्था. तिचे तेव्हाचे संचालक डॉ. टेलफर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी शिमोग्याच्या जंगलात गेले. त्यांनी मेलेली माकडे तपासली, रुग्णांचे रक्त घेतले आणि जंगलातले कीटक गोळा केले. पीतज्वराची शंका फिटली, पण हाती आला तो शास्त्राला अगदी नवा असलेला विषाणू. तो डासाने पसरत नव्हता. त्याचे वाहन गोचीड होते. गुराढोरांच्या कानाला लटकलेली गोचीड सर्वांनी पाहिलेली असते. ही तिचीच जंगलातली बहीण. त्या घटनेला महत्त्व आहे ते अशासाठी की स्वतंत्र भारतातील एका तरुण संस्थेने स्वतःच्या भूमीवरचा एक अज्ञात रोग थोड्या काळात ओळखला. हे श्रेय त्या मंडळींना दिलेच पाहिजे. त्याची किंमतही पुढे मोजली गेली. या विषाणूवर काम करताना पुण्याच्या प्रयोगशाळेतील अनेकांना त्याची लागण झाली. रोग धंद्यातून होतो, याचा हा एक फार आरंभीचा पुरावा होता. पण त्याकडे त्या दृष्टीने पाहिले गेले नाही.

आता पुढचा प्रश्न. हा विषाणू आला कोठून? तपासाअंती तो एका रशियन विषाणूच्या कुळातला निघाला. सोव्हिएत रशियाच्या अतिपूर्वेकडील अरण्यात कामासाठी गेलेली माणसे आणि सैनिक वसंत ऋतूत मेंदूज्वराने मरत होते. त्याचा शोध घेण्यासाठी १९३७ मध्ये लेव्ह झिल्बर यांच्या नेतृत्वाखाली एक पथक गेले आणि तो रोग गोचिडीपासून होतो असे निश्चित झाले. मग मलनाडच्या जंगलात त्याचा भाऊबंद कसा पोहोचला? सायबेरियातून हिवाळ्यात लाखो पक्षी आपल्याकडे येतात. त्यांच्या अंगावरच्या गोचिडींबरोबर विषाणू आला असेल काय? शंका वाजवी होती. तिची शहानिशा करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला साहाय्य दिले, आणि डॉ. सलीम अली यांच्या देखरेखीखाली पक्ष्यांना पकडून, त्यांच्या पायांत कडी घालून, पुन्हा सोडण्याचे मोठे काम साठच्या दशकात सुरू झाले. त्या कामातून स्थलांतरी पक्ष्यांविषयी आपल्याला अमोल माहिती मिळाली. पाहुण्या पक्ष्यांनी हा रोग आणला, असे मात्र सिद्ध झाले नाही. रशियन विषाणूशी याचे नाते सख्ख्या भावाचे नसून दूरच्या चुलत्याचे आहे, हेही पुढे स्पष्ट झाले.

यात शास्त्रज्ञांचा दोष मी काढत नाही. शंका घेणे आणि ती पडताळून पाहणे यालाच शास्त्र म्हणतात. परंतु मनुष्यस्वभाव असा आहे की आपल्या घरात आग लागली तर ठिणगी शेजाऱ्याच्या चुलीतली होती, असे आधी वाटते. आकाशाकडे पाहून झाल्यावर कोणीतरी जमिनीकडे पाहणे आवश्यक होते.

ते काम केले डॉ. होर्हे बोशेल या कोलंबियातील शास्त्रज्ञाने. जंगलातील पीतज्वराचा त्यांनी आपल्या देशात अभ्यास केलेला होता. क्यासनूरच्या परिसरात राहून त्यांनी जे पाहिले, ते १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडले. त्यांचे प्रतिपादन समजण्यासाठी गोचिडीचा जन्मक्रम थोडक्यात ध्यानात घेतला पाहिजे.

पावसाळा सरता सरता अंड्यांतून सहा पायांची बारीक पिल्ले निघतात. ती गवतावर, पालापाचोळ्यात बसून एखाद्या उंदराची, जमिनीवर चरणाऱ्या पाखराची किंवा माकडाची वाट पाहतात. रक्त पिऊन ती गळून पडतात, कात टाकतात आणि आठ पायांची होतात. ही मधल्या वयाची गोचीड मोहरीच्या दाण्याएवढी असते, आणि माणसाला चावते ती मुख्यतः हीच. नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत तिचा सुकाळ असतो. शेवटी पूर्ण वाढलेल्या गोचिडीला अंडी घालण्यासाठी पोटभर रक्त लागते आणि ते तिला मोठ्या जनावरापासून मिळते. एकदा शरीरात शिरलेला विषाणू गोचिडीच्या एका अवस्थेतून दुसरीत टिकून राहतो.

बोशेल यांनी असे दाखवले की दाट, अखंड जंगलात मोठी जनावरे थोडी असतात, म्हणून गोचिडीही बेताच्या असतात. माणसे वाढली, जंगल तोडून मध्येच भाताची खाचरे काढली, आणि खाचरांभोवतीच्या झुडपांत गावची गुरे चरू लागली. गुरांना हा रोग होत नाही. पण पूर्ण वाढलेल्या गोचिडीला ती रोज अन्न पुरवतात. जेथे पूर्वी शंभर गोचिडी पोसल्या जात तेथे हजारो पोसल्या जाऊ लागल्या, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. उंदरामाकडांत मुकाट्याने फिरणारा विषाणू त्या गर्दीत उसळला. म्हणजे विषाणू जुनाच असला, तरी साथ ही शेतीच्या सीमारेषेवर, जंगल आणि खाचर यांच्या सांध्यावर जन्माला आली.

माकडाचा वाटा यात कोणता? माकड हा या रोगाचा बळी आहे. त्याला लागण झाली की ते बहुधा मरते, आणि मेल्यावर त्याच्या अंगावरच्या गोचिडी आसपास पसरतात. म्हणून मेलेल्या माकडाभोवती सुमारे पन्नास फूट परिसरात कीटकनाशक टाकण्याची पद्धत पडली. खाणीत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून एके काळी कॅनरी पक्षी नेत असत. पक्षी कोसळला की खाणकामगार बाहेर पडत. माकडाचे मरण ही तशीच सूचना आहे. सूचना देणाऱ्याच्या नावाने रोगाला हाक मारायची, हा मोठा विचित्र न्याय आहे. शिवाय हा ताप रुग्णापासून दुसऱ्या माणसाला होत असल्याचे दिसलेले नाही. रुग्णाला वाळीत टाकण्याचे काहीच कारण नाही.

बोशेल यांचा निबंध छापून आल्यावर चौदा वर्षांनी त्याचा प्रत्यय आला. दक्षिण कन्नड जिल्ह्यात बेळतंगडी तालुक्यात काजूच्या लागवडीसाठी जंगल साफ करण्यात आले. तेथे माकडे मरू लागली आणि १९८३-८४ मध्ये रोगाच्या इतिहासातील सर्वांत मोठी साथ उसळली. दीड हजारांहून अधिक रुग्ण आणि दीडशेच्या घरात मृत्यू अशी तिची नोंद आहे. एरवी शंभर रुग्णांत तीन ते पाच दगावतात असे समजतात. तेथे प्रमाण त्याच्या दुप्पट झाले. शेतीखात्याच्या दप्तरात ती लागवड होती, वनखात्याच्या दप्तरात ती तोड होती आणि आरोग्यखात्याच्या दप्तरात साथ होती. तीन दप्तरे, आणि तिन्हींत एकच मजूर.

लसीचा इतिहासही सांगितला पाहिजे. प्रारंभी रशियन रोगावरची लस परदेशातून आणून टोचून पाहिली, तिचा उपयोग झाला नाही. मग कोंबडीच्या अंड्यातील गर्भाच्या पेशींवर विषाणू वाढवून, तो निकामी करून, येथेच लस तयार करण्यात आली. १९९० ते १९९२ या काळात कर्नाटकात तिची चाचणी झाली तेव्हा दोन मात्रा घेतलेल्यांत ती शेकडा ९४ जणांचे रक्षण करते असे आढळले. पण २००५ ते २०१० या वर्षांचा हिशेब तपासला तेव्हा दोन मात्रांचा गुण शेकडा ६२ आणि त्यावर वर्धक मात्रा घेतली तर शेकडा ८३ एवढाच निघाला. एका मात्रेचा उपयोगच दिसला नाही. सुई फार दुखे, पुन्हा पुन्हा घ्यावी लागे, आणि रोजंदारी बुडवून रांगेत उभे राहावे लागे. म्हणून पुष्कळांनी ती अर्ध्यावर सोडली. लसीची शक्ती कमी पडते असे दिसून आल्यावर २०२२ मध्ये ती देणे थांबवण्यात आले. या विषाणूवर नेमके औषधही नाही. वेळेवर निदान आणि रुग्णाची नीट शुश्रूषा हाच उपचार.

पंचावन्न वर्षे हा रोग बहुतांशी कर्नाटकातच राहिला. २०१२ नंतर त्याने सीमा ओलांडल्या. चामराजनगर जिल्ह्यातील बंदीपूरच्या अभयारण्यात २०१२ च्या अखेरीस माकडे मेली, आणि ती हाताळणाऱ्या, त्यांची विल्हेवाट लावणाऱ्या माणसांना ताप आला. नंतर तमिळनाडू आणि केरळच्या जंगलांत तो दिसला. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातील पाली गावात, आणि २०१६ च्या आरंभी आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातील केर गावात. पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या परिसरात त्याने ठाण मांडले. २०१६ साली गोव्यातील काजूमजुरांना झालेल्या लागणीवर पुण्याच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातच त्यांनी, धंद्यामुळे घडलेला संपर्क, असा शब्दप्रयोग केला आहे. साठ वर्षांनी का होईना, शास्त्राच्या मथळ्यात मजुराचा धंदा आला.

काजूचा आणि या तापाचा संबंध समजण्यास सूक्ष्मदर्शक लागत नाही, पंचांग पुरते. काजू हे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणले. आपल्या राज्यात १९९० पासून रोजगार हमीच्या जोडीने फळबाग लागवडीची योजना आली आणि कोकणातील वरकस डोंगरउतारांवर काजूच्या बागा वाढल्या. त्या योजनेने कोकणातील पुष्कळ घरांत चार पैसे आले, हे नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. पण काजूचा हंगाम कोणता? फेब्रुवारी ते मे. माणसाला चावणाऱ्या गोचिडीचा हंगामही तोच. पिकलेले बोंडू झाडाखाली पालापाचोळ्यात पडतात. ते वेचण्यासाठी बायाबापड्या वाकून, उकिडव्या बसून, तासन्‌तास त्याच पाल्यात हात घालतात. बोंडवाच्या वासाने माकडेही त्याच झाडावर येतात. गुरेही त्याच रानातून जातात. एका झाडाखाली हे सगळे एकत्र येतात, आणि त्यांत दिवसभर थांबावे लागते ते एकट्या मजुराला.

इटलीतील रामाझिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला जे प्रश्न विचारायचे त्यांत, तुझा धंदा कोणता, हा प्रश्न विचारलाच पाहिजे असे त्याने वैद्यांना बजावले. मुंबईच्या गिरण्यांत कापसाच्या धुळीने कामगारांची छाती भरून येई, ती निव्वळ दम्याची नव्हे हे त्याच प्रश्नाने उघड झाले. ताप घेऊन आलेल्या काजूवेचणीला हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला, तर रक्ताचा नमुना आठ दिवस आधी पुण्याला जाईल.

अलीकडच्या संशोधनाने हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर विचारण्यास प्रारंभ केला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आरोग्य, पशुवैद्यक आणि वन या खात्यांच्या माणसांना बरोबर घेऊन धोक्याच्या जागांचे नकाशे तयार केले. जेथे सदाहरित जंगल आणि लागवड यांची सरमिसळ आहे आणि देशी गुरे अधिक आहेत, तेथे साथीचा संभव अधिक, असे त्यांना आढळले. बोशेल यांनी एका खोऱ्यात पाहिलेले आता उपग्रहाच्या चित्रांनी आणि गणिताने जिल्ह्याजिल्ह्यांत मोजता येते. त्या नकाशाचा खरा उपयोग असा की साथ येण्यापूर्वी कोणत्या गावात तयारी ठेवायची ते ठरवता येते.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. माणसांनी जंगलात जाऊच नये, गुरे सोडूच नयेत, म्हणजे प्रश्न मिटेल, असे काही सज्जन म्हणतात. हा उपदेश ज्याच्या घरी गॅसची टाकी आणि महिन्याचा पगार येतो त्याला सोपा आहे. ज्याची चूल सरपणावर आणि ज्याचे वर्ष तीन महिन्यांच्या वेचणीवर चालते, त्याला तुम्ही तापाऐवजी उपास निवडायला सांगत आहात. दुसरे काही म्हणतात, जंगलच तोडून टाका. १९८३ ने त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. खरा मार्ग मधला आहे आणि तो खर्चाचा आहे. म्हणूनच तो कोणाला सुचत नाही.

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याला जोडलेल्या धंदेवाईक रोगांच्या यादीत पहिलाच गट संसर्गजन्य रोगांचा होता. प्रयोगशाळेतील काम, जनावरे आणि त्यांची मढी हाताळण्याचे काम यांबरोबर, संसर्गाचा विशेष धोका असलेले इतर काम, असे मोघम पण मोलाचे शब्द त्यात होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेलाही धंदेवाईक रोगांचे परिशिष्ट जोडलेले आहे. पण कायद्याला मालक लागतो. काजूवेचणीचा मालक कोण? बाग एकाची, ती खंडाने घेतलेली दुसऱ्याने, मजूर आणलेले तिसऱ्याने, आणि मजूर पलीकडच्या राज्यातले. चौघे एकमेकांकडे बोट दाखवतात तोवर हंगाम संपतो.

म्हणून मागण्या साध्या आणि हंगामाआधीच्या हव्यात. वेचणीला लावणाऱ्याने अंगाला लावण्याचे गोचीडप्रतिबंधक तेल, बंद पादत्राणे आणि हातमोजे जानेवारीतच द्यावेत. संध्याकाळी गरम पाण्याने अंग धुण्याची आणि कपडे बदलण्याची सोय करावी. मेलेल्या माकडाची खबर देणाऱ्याला त्या दिवसाची मजुरी मिळावी, कारण खबर देण्यात त्याचा दिवस जातो. माकड उचलणाऱ्या वनमजुराला पूर्ण संरक्षक पोशाख असावा. तापाच्या दिवसांची मजुरी बुडू नये. मजूर कोणत्याही राज्यातला असो, उपचार जेथे तो आजारी पडला तेथेच व्हावेत. आणि नव्या लसीची चाचणी होईल तेव्हा तिच्या वेळा कचेरीच्या सोयीने न ठरता बागेच्या सोयीने ठरवाव्यात. यांतील एकही मागणी शास्त्राच्या आवाक्याबाहेरची नाही.

या रोगाच्या सत्तर वर्षांत शास्त्राने विषाणू ओळखला, गोचीड ओळखली, गुरांचा आणि जंगलतोडीचा वाटा ओळखला, नकाशेही काढले. आता राहिले ते मजुराच्या हजेरीपत्रकावर या ज्ञानाची नोंद करणे. ते काम प्रयोगशाळेत होणार नाही. ते ग्रामपंचायतीच्या सभेत, बागायतदारांच्या संघात आणि मजुरांच्या संघटनेत व्हायचे आहे. आपण शहरात बसून ज्या काजूचा डबा उघडतो, त्याच्या किमतीत हातमोज्यांचे आणि तेलाचे चार पैसे धरलेले आहेत की नाहीत, एवढे विचारणे मात्र आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती आहे.